फार्मर्स मार्केटमध्ये ईबीटी कार्ड घ्यायचंय? सुरुवात कुठून करायची ते सांगते

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गावचं फार्मर्स मार्केट स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये भरतं. मे ते नोव्हेंबर, दर शनिवारी. चौदा-पंधरा स्टॉल. मी विकत काही नाही. शिरताच डाव्या हाताला जे हिरव्या छत्रीखालचं टेबल लागतं, तिथे मशीन आणि लाकडी टोकनांचा डबा घेऊन बसते. हा माझा सातवा हंगाम.

मंडळात आणि व्हॉट्सॲपवर हल्ली हा प्रश्न बरेचदा येतो. कुणी दोन एकर भाड्याने घेऊन मेथी, भेंडी, दुधी लावलाय, कुणी घरच्या चटण्या आणि भाजणी विकायला लागलंय, कुणी मुलं मोठी झाल्यावर वेळ आहे म्हणून मार्केटच्या कमिटीवर गेलंय. आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी कार्ड पुढे करून विचारतं, "डू यू टेक ईबीटी?" उत्तर येत नाही म्हणून आपण कसनुसं हसतो, आणि ते माणूस पुढे निघून जातं. तेव्हा हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी कार्ड म्हणजे काय ते

स्नॅप ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची अन्नमदत योजना. जुनी माणसं अजून फूड स्टॅम्पच म्हणतात. २००८ मध्ये नाव बदललं, पण तोंडातलं नाव इतक्या लवकर जात नाही. आपल्याकडच्या रेशनशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. रेशनच्या दुकानात सरकार धान्य देतं, इथे सरकार पैसे देतं. दर महिन्याला ठरावीक रक्कम कार्डावर जमा होते आणि ती फक्त खाण्याच्या वस्तूंवर खर्च करता येते. कुठलं दुकान, कुठली भाजी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ते कार्ड म्हणजे ईबीटी. राज्याराज्यात त्याला वेगळं नाव असतं. टेक्सासमध्ये लोन स्टार, आमच्याकडे फॅमिलीज फर्स्ट. कॅलिफोर्नियात तर योजनेलाच कॅलफ्रेश म्हणतात. नावं वेगळी असली तरी कार्ड सगळीकडे चालतं. टेक्सासचं कार्ड न्यू जर्सीत चालतं, हे नव्या स्वयंसेवकांना हमखास माहीत नसतं.

एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण आपल्या लोकांशी बोलताना ती वारंवार सांगावी लागते. कार्डवाल्या गिऱ्हाइकावर तुम्ही उपकार करत नाही. टोमॅटो पाउंडाला चार डॉलर असतील तर तुम्हाला चारच डॉलर मिळतात, तेही सरकारकडून थेट बँकेत, साधारण दोन कामाच्या दिवसांत. ही विक्री आहे. ज्या शेतकऱ्याला हे कळलं त्याच्या स्टॉलवर कार्डवाले टिकतात, कारण तोंडावरचा भाव गिऱ्हाइकाला बरोबर वाचता येतो.

ही योजना आणि शेतमाल यांचा संबंध जुना आहे. १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये पहिले स्टॅम्प वाटले गेले, तेव्हा केशरी आणि निळे असे दोन रंग होते. निळे फक्त सरकारने जाहीर केलेल्या अतिरिक्त शेतमालासाठी. पुढे कागदी कूपनं आली. ती शेतकऱ्याला सोयीची होती, नोटेसारखी घ्यायची आणि बँकेत भरायची. मग कार्ड आलं. २००४ पर्यंत सगळ्या राज्यांत कार्डच झालं आणि मोकळ्या मैदानात भरणाऱ्या बाजारांची पंचाईत झाली. तिथे ना वीज, ना टेलिफोनची तार. मशीन लावायचं कुठे? एका मशीनवर अख्ख्या बाजाराचं काम चालवायची टोकनची युक्ती त्यातूनच रुळली.

तुमची वाट कोणती, हे पहिल्यांदा ठरवा

वाटा दोन. एक, मार्केटने ईबीटी स्वीकारायचा परवाना घ्यायचा, एका टेबलावर मशीन ठेवायचं, कार्ड घासून गिऱ्हाइकाला टोकन द्यायची, आणि ती टोकनं सगळ्या स्टॉलवाल्यांनी घ्यायची. दोन, शेतकऱ्याने स्वतःच्या नावाने परवाना घ्यायचा आणि स्वतःचं मशीन ठेवायचं.

तुम्ही मार्केटमध्ये फक्त स्टॉलवाले असाल आणि मार्केट टोकन चालवत असेल तर तुम्हाला वेगळा परवाना लागत नाही. मार्केटशी एक करारपत्र केलं की झालं. पण तुम्ही आठवड्यात चार ठिकाणी स्टॉल लावत असाल, किंवा रस्त्याकडेला स्वतःच्या शेतावर विकत असाल, तर स्वतःचा परवाना बरा.

चटणी-मसालावाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. स्वतःचा परवाना मिळायचा साधा निकष असा की तुमच्या एकूण विक्रीतली निम्म्याहून जास्त विक्री मुख्य अन्नाची हवी, म्हणजे चार गट: भाजी-फळं, धान्य-पाव, दूधदुभतं, मांस-मासे. (दुसरा निकष या चारही गटांतला माल ठेवायचा. तो वाणसामानाच्या दुकानाला जमतो, आपल्याला नाही.) मसाले, चहा-कॉफी, थंड पेयं या वरकड वस्तू धरतात, त्या या हिशेबात येत नाहीत. म्हणजे नुसता गोडा मसाला विकणाऱ्या बाईंना स्वतःच्या नावाने परवाना मिळणं अवघड. पण त्यांचा मसाला कार्डावर घेता येतोच, कारण तो खाण्याची वस्तू आहे. मार्ग एकच, मार्केटची टोकनं. आमच्याकडच्या एक काकू दोन महिने अर्जाच्या मागे होत्या. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांचे ते दोन महिने वाचले असते.

आणखी एक. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असाल तर स्टॉलवर विक्री करणं म्हणजे काम करणं. परवानगी नसेल तर हौस म्हणूनही करू नका. वकिलाला विचारल्याशिवाय स्टॉलमागे उभंच राहू नका.

परवाना

परवाना देतं केंद्रीय कृषी खात्याचं अन्न आणि पोषण खातं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे एफएनएस म्हणतात. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर भरायचा आणि तो फुकट आहे. "आम्ही परवाना काढून देतो, एवढे डॉलर द्या" असा फोन आला तर ठेवून द्या.

अर्जात मार्केटचा पत्ता, किती महिने भरतं, कुठल्या वारी, कोण काय विकतं, वर्षाची अंदाजे विक्री किती, हे विचारतात. जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाचं तरी नाव द्यावं लागतं आणि त्या व्यक्तीची ओळखपत्रं मागतात. इथे कमिट्या अडतात. सगळे स्वयंसेवक, आपला सोशल सिक्युरिटी नंबर द्यायला कोण तयार होणार? आमच्याकडे यावरच तीन मीटिंगा झाल्या. त्यामुळे अर्ज उघडण्याआधीच हे नाव ठरवा. शक्यतो असं माणूस निवडा जे पुढची काही वर्षं गाव सोडणार नाही, कारण परवाना साधारण पाच वर्षांचा असतो आणि मधे जबाबदार माणूस बदललं तर ते खात्याला कळवावं लागतं.

कागद पूर्ण असतील तर निर्णयाला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. कागद अपुरे असतील तर घड्याळ सुरूच होत नाही. मेमध्ये मार्केट सुरू होणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज टाका. एप्रिलमध्ये जागे झालात तर जूनची स्ट्रॉबेरी गेलीच समजा.

परवाना मिळाला की सात आकडी एफएनएस नंबर येतो. पुढचं सगळं त्या नंबरावर अडलेलं असतं. सोबत नियमांचं पुस्तक आणि प्रशिक्षणाचा व्हिडिओ मिळतो. तो व्हिडिओ कंटाळवाणा आहे, तरी मार्केटवर जो कुणी मशीनला हात लावणार आहे त्या प्रत्येकाला दाखवा. चूक शनिवारी आलेल्या शाळकरी स्वयंसेवकाने केली तरी जाब परवानाधारकाला विचारला जातो.

मशीन

साधं दुकान असेल तर मशीन स्वतःच्या पैशाने घ्यावं लागतं. फार्मर्स मार्केट आणि थेट विकणारे शेतकरी यांना २०१४ च्या शेती कायद्याने यातून सूट दिली. त्यामुळे बाजारात मशीन शोधायच्या आधी राज्याच्या स्नॅप खात्याला एक फोन करा आणि विचारा, "मार्केटला फुकट मशीन मिळतं का?" पुष्कळदा मिळतं.

विकतच घ्यायचं झालं तर चार गोष्टी विचारून घ्या. हिवाळ्यात मार्केट बंद असताना महिन्याची फी भरावी लागते का, की खातं थांबवता येतं? करार किती वर्षांचा? त्याच मशीनवर साधं डेबिट-क्रेडिट चालतं का? आणि छापील पावती निघते का? पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सात महिन्यांच्या बाजाराने बारा महिन्यांची फी भरायची, हा तोटा लहान मार्केटला झेपत नाही. भाडेपट्ट्याने मशीन देणाऱ्यांचा करार दोनदा वाचा, त्यातून बाहेर पडायची अट कुठे बारीक अक्षरात आहे ते शोधा.

मशीन आलं की मार्केटच्या जागेवर जाऊन, मार्केटच्या वेळेला, तुमच्या टेबलाच्याच ठिकाणी सिग्नल तपासा. आमचं टेबल पहिल्या वर्षी स्टेशनच्या पत्र्याच्या शेडखाली होतं. सावली छान, सिग्नल शून्य. कार्ड घासलं की मशीन नुसतं गोल फिरायचं आणि रांग माझ्याकडे बघत बसायची. टेबल पंचवीस पावलं उजेडात सरकवलं आणि प्रश्न मिटला. छत्री त्या वर्षीच घेतली.

सिग्नल नाहीच आला, किंवा बॅटरी गेली, तर कागदी व्हाउचरची सोय आहे. व्हाउचरवर कार्डाचा नंबर आणि रक्कम लिहायची, दिलेल्या नंबरवर फोन करून तिथल्या तिथे मंजुरीचा आकडा घ्यायचा, गिऱ्हाइकाची सही घ्यायची, आणि मुदतीत ते मशीनवर चढवायचं. फोन न करता "नंतर बघू" म्हणून टोकन देऊ नका. कार्डावर पैसे नसले तर ती रक्कम तुमच्या खिशातून जाते.

टोकन

आमची टोकनं लाकडी आहेत, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. एका बाजूला मार्केटचं नाव, दुसऱ्या बाजूला एक डॉलर. स्नॅपचं टोकन एक डॉलरचंच ठेवावं, कारण त्यावर सुटे पैसे परत देता येत नाहीत. साध्या डेबिट-क्रेडिटवाल्यांसाठी आम्ही पाच डॉलरचं वेगळ्या रंगाचं टोकन ठेवतो. त्यावर सुटे देता येतात. रंग दुरून ओळखू येईल इतका वेगळा हवा. आमची पहिली टोकनं तपकिरी आणि गडद लाल होती. ढगाळ सकाळी दोन्ही सारखीच दिसायची. दुसऱ्या हंगामात लाल मोडीत काढली आणि निळी आणली.

सुटे नाहीत, तर साडेतीन डॉलरच्या भेंडीचं काय करायचं? अनुभवी स्टॉलवाला सांगतो, "अर्ध्या डॉलरच्या मिरच्या घेऊन टाका." किंवा गिऱ्हाईक तीन टोकनं देतं आणि वरचे पन्नास सेंट रोख देतं. नवखा मात्र चार टोकनं घेतो आणि गप्प बसतो. असं महिनाभर झालं की गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं आणि ते परत येत नाही. स्टॉलवाल्यांना हंगामाच्या सुरुवातीला हेच सगळ्यात आधी शिकवा.

उरलेली टोकनं पुढच्या आठवड्यात चालतात, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगा. परत करायची असली तर रक्कम कार्डावरच परत जाते. रोख कधीही, कुठल्याही कारणाने द्यायची नाही. टोकन घेऊन रोख देणं हा गुन्हा आहे. त्यात परवाना कायमचा जातो.

दिवसअखेर स्टॉलवाले टोकनं पिशवीत घालून टेबलावर आणतात. त्यांच्यासमोर मोजायची, दोघांनी सही करायची, आणि मार्केटने आठवड्याला किंवा पंधरवड्याला चेक द्यायचा. चेक उशिरा गेला की स्टॉलवाले टोकन घ्यायला कां-कूं करतात आणि सगळी गाडी तिथेच रुतते. विकलेली पण अजून परत न आलेली टोकनं म्हणजे मार्केटवरचं देणं आहे, बचत नाही. खजिनदाराला हे लेखी द्या.

काय घेता येतं, काय नाही

सोपा नियम असा: घरी नेऊन खायचं, ते चालतं. भाज्या, फळं, अंडी, मांस, मासे, दूध, चीज, पाव, मध, मुरंबा, पीठ, डाळी, मसाले. गरम करून दिलेलं, तिथेच उभं राहून खायचं, ते चालत नाही. म्हणजे भाजणीचं पाकीट चालतं, तव्यावरचं थालीपीठ नाही. घरी न्यायच्या पाकिटातली थंड पुरणपोळी चालते, वाफाळलेला मोदक नाही. दारू, तंबाखू, औषधं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, साबण, मेणबत्त्या, कुत्र्याचं खाणं, यातलं काहीच नाही. अलीकडे काही राज्यांनी केंद्राच्या परवानगीने सोडा आणि कँडीही बाहेर काढली आहे. आपल्या राज्यात काय आहे ते पाहून घ्या.

लोकांना आश्चर्य वाटतं ते रोपांचं. खाण्याजोगं पीक देणारी रोपं आणि बियाणं स्नॅपवर घेता येतं. कढीपत्त्याचं रोप, मिरचीचं रोप, मेथीचं बी, सगळं. मे महिन्यात एका आजींनी तीन टोकनांत टोमॅटोची रोपं नेली होती. सप्टेंबरमध्ये त्याच झाडाचे टोमॅटो पिशवीत घालून मला दाखवायला आणले. रोपवाल्याने स्टॉलवर तशी पाटी लावली की विक्री वाढते. आमच्याकडे ती पाटी मीच हाताने लिहून दिली होती.

फुलं मात्र नाहीत. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी झेंडूच्या ढिगापुढे हे हमखास सांगावं लागतं. भोपळ्याचंही असंच, खायचा भोपळा चालतो, नुसत्या शोभेचे छोटे भोपळे नाहीत.

विक्रीकर कार्डाच्या खरेदीवर लावायचा नाही. किमान इतक्याची खरेदी हवी अशी अट घालायची नाही. उधारी नाही. आणि कार्डवाल्याला वेगळा भाव नाही, जास्तही नाही, कमीही नाही. (पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजना याला अपवाद आहेत. त्या पुढे सांगते.)

शनिवारी सकाळी टेबलावर

मशीन शुक्रवारी रात्री चार्ज करायचं. पावतीचे दोन रोल जास्तीचे. फोनची जास्तीची बॅटरी. व्हाउचरचं पुस्तक, पेन, टोकनं मोजून भरलेल्या वीस-वीसच्या पिशव्या. या पिशव्यांमुळे रांग निम्मी होते.

गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "किती डॉलरची टोकनं देऊ?" मशीनवर ईबीटी निवडायचं. तिथे दोन पर्याय दिसतात, फूड आणि कॅश. एकाच कार्डावर अन्नाचं आणि रोख मदतीचं अशी दोन खाती असू शकतात. अन्नाचं म्हणजे स्नॅप. घाईत कॅश दाबलं गेलं तर नको ते पैसे कापले जातात, आणि ते परत चढवताना तुमचा आणि त्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. कार्ड घासायचं, रक्कम टाकायची, मशीन त्यांच्या हातात द्यायचं. पिन त्यांनीच टाकायचा. म्हाताऱ्या माणसाने "तूच टाक गं, मला दिसत नाही" असं म्हणून आकडा सांगितला तरी नाही. मशीनचे आकडे मोठे दिसतील असं धरायचं, पण बोट त्यांचंच. पावती त्यांना द्यायची. तिच्यावर शिल्लक छापलेली असते आणि तीच बघायला अनेक जण आलेले असतात. शिल्लक मोठ्याने वाचून दाखवायची नाही.

पिन बरोबर आला म्हणजे झालं. कार्डावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळतो का हे तपासत बसू नका. घरातलं कुणीही कार्ड घेऊन येतं.

नकार आला तर? बहुतेकदा शिल्लक कमी असते किंवा पिन चुकलेला असतो. मी हळूच म्हणते, "मशीन आज जरा त्रास देतंय, रक्कम कमी करून बघू या का?" मशीनवर आळ घेतला तर त्याला काही वाटत नाही.

हे मी चुकून शिकले. पहिल्या हंगामात, जूनच्या एका शनिवारी, चार माणसांच्या रांगेत एक बाई कार्ड घेऊन आल्या. मी मोठ्या उत्साहात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फूड स्टॅम्प का?" त्यांनी कार्ड पर्समध्ये ठेवलं, "नो, नो, आय विल कम बॅक" म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत. आता मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, "स्नॅप, डेबिट की क्रेडिट?" प्रश्न सगळ्यांना सारखा, आवाजही सारखा. डेबिटवाल्यांनाही टोकनंच मिळत असल्यामुळे स्टॉलपाशी कोण कुठल्या कार्डाचं हे कुणी वळून बघत नाही. पाच डॉलरची टोकनं सुरू करण्यामागे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. खजिनदाराला मात्र मी फीचं कारण सांगितलं होतं.

आणि कार्ड चोरांपासून जपा. बऱ्याच राज्यांच्या ईबीटी कार्डांवर अजून चिप नाही, नुसती चुंबकी पट्टी आहे. दुकानांतल्या मशीनवर चोर नकली पट्टी बसवतात आणि महिन्याचे पैसे एका रात्रीत जातात. तुमचं मशीन टेबलावर सोडून चहाला जाऊ नका. कुणी सांगितलं की पैसे गायब झाले, तर त्यांना कार्डामागच्या नंबरवर फोन करून पिन बदलायला सांगा.

पैसे दुप्पट करणाऱ्या योजना

ही बाजू समजून घेतली नाही तर अर्धं काम राहिलं. बऱ्याच ठिकाणी स्नॅपचे दहा डॉलर काढले की भाजी-फळांसाठी आणखी दहा डॉलरची कूपनं मिळतात. डेट्रॉइटमध्ये २००९ ला पाच मार्केटांत सुरू झालेली डबल अप फूड बक्स पुढे बऱ्याच राज्यांत गेली. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून हेल्थ बक्स आहेत. कॅलिफोर्नियात मार्केट मॅच, आमच्या न्यू जर्सीत सिटी ग्रीन या संस्थेचं गुड फूड बक्स. मॅसॅच्युसेट्समध्ये कूपन नाहीच, भाजी घेतली की पैसे थेट कार्डावर परत चढतात. या योजनांना केंद्राचा पैसा २०१४ च्या शेती कायद्यापासून मिळतो. २०१८ च्या कायद्याने त्या निधीला कृषी खात्याचे माजी अधिकारी गस शूमाकर यांचं नाव दिलं.

मार्केटने राज्यातल्या अशा संस्थेकडे अर्ज करायचा. कूपनांचा रंग टोकनांहून वेगळा ठेवायचा, कारण ती फक्त भाजी-फळांवर चालतात. चीजवाल्याने चुकून घेतली तर त्याचे पैसे कुणीच देत नाही. आमच्या चीजवाल्याने पहिल्या वर्षी तेवीस कूपनं घेतली होती. आता त्याच्या स्टॉलवर मोठ्या अक्षरात पाटी आहे.

याशिवाय लहान मुलांच्या आया आणि गरोदर बायकांसाठी विक योजनेतली फार्मर्स मार्केटची कूपनं असतात, १९९२ पासून. ज्येष्ठांसाठी तशीच वेगळी. ती मशीनशी संबंधित नाहीत, त्यांची नोंदणी शेतकऱ्याने राज्याकडे करायची असते आणि ती जवळपास उगवलेल्या ताज्या भाजी-फळांवरच चालतात. बाजारातून आणून विकलेल्या आंब्यांवर नाहीत. ज्येष्ठांसाठी उत्पन्नाची मर्यादा असली तरी आपले कितीतरी आजी-आजोबा त्यात बसतात आणि त्यांना ते माहीतच नसतं. गावच्या ज्येष्ठ केंद्रात विचारायला सांगा.

गिऱ्हाईक येणार कसं

मशीन आलं म्हणून माणसं येत नाहीत. आमच्या पहिल्या शनिवारी कार्डवाले दोनच आले. रस्त्यावरून गाडीतून दिसेल अशी "ईबीटी चालतं" पाटी लावली, वाचनालयात, लाँड्रीत, बसस्टॉपवर, गावच्या मदत कार्यालयात चिठ्ठ्या ठेवल्या, तेव्हा आकडा हलला. चिठ्ठ्या स्पॅनिशमध्येही हव्यात. आम्ही गुजराती आणि हिंदीतही काढल्या. मराठीत काढायची गरज पडली नाही, आपले लोक हिंदीही वाचतात.

कार्डावर पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखांना येतात, राज्यागणिक वेगळ्या. त्या माहीत असतील तर कुठल्या शनिवारी दोन माणसं टेबलावर लागतील ते कळतं. २०२५ च्या शरद ऋतूत सरकारी कामकाज ठप्प झालं आणि नोव्हेंबरचे पैसे वेळेवर आले नाहीत, तेव्हा आमचं टेबल दोन शनिवार रिकामं होतं. भाजीवाले रोजच्यासारखा माल घेऊन आले होते आणि संध्याकाळी अर्धा परत नेला.

हंगाम संपताना

दिवसाच्या शेवटी मशीन बॅच, म्हणजे दिवसभराचे व्यवहार, बंद करायला सांगतं, ते विसरू नका. काही मशीनं आपोआप करतात, काही नाही. आमचं नाही करत, हे मला एकदा तीन दिवसांनी कळलं. मशीनची बेरीज, दिलेली टोकनं आणि डब्यात उरलेली टोकनं तिथल्या तिथे जुळवा. घरी जाऊन जुळवू म्हटलं की एक पिशवी गाडीच्या सीटखाली सापडते, तीही ऑगस्टमध्ये.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पाटी लावा की टोकनं पुढच्या मेमध्ये चालतील. मशीनचं खातं थांबवायचा फोन त्याच आठवड्यात करा. एफएनएसकडून पत्र आलं तर उत्तर द्यायची तारीख कॅलेंडरवर लिहा. न उत्तरलेल्या पत्रामुळेही परवाना जाऊ शकतो. पत्र मार्केटच्या नव्हे, कुणाच्या तरी घरच्या पत्त्यावर येतं आणि ते घर हिवाळ्यात भारतात गेलेलं असतं, म्हणून पत्ता विचारून ठेवा. टोकनं साबणाच्या कोमट पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगतं. ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस वर्तमानपत्रावर पसरून ठेवा, मग डब्यात.